मीटिंग संपल्यावर गेटपाशी जी मीटिंग होते, एकी तिथे मोडते

सलाम ब्रदर,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं की तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आणि सात वडील (चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ सभासद), रविवारी दुसरी उपासना सुरू करायची का यावर चार एकीकडे तीन एकीकडे, त्यातले सगळ्यात सिनियर दोन वडील गेले सहा महिने एकमेकांशी सरळ बोलत नाहीत, पाळकसाहेब दर मीटिंगला एकीवर बायबलमधलं वचन वाचतात, सगळे आमेन म्हणतात आणि दहा मिनिटांत आवाज चढतात. आणि तुम्ही नवीन सेक्रेटरी, वयाने सगळ्यात लहान, विचारताय की या लोकांत एकी आणायची कशी.

मी पाळक नाही. 24 वर्षं वडील म्हणून काढली, त्यातली 11 सेक्रेटरी म्हणून, आणि आता दुसऱ्या मंडळ्यांमध्ये असं काही पेटलं की मला मध्ये बसायला बोलावतात. त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं चुका करून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दुसऱ्या उपासनेचा विषय तूर्तास बाजूला ठेवा, कारण माझ्या अनुभवात ज्या विषयावर भांडण चाललेलं दिसतं तो विषय भांडणाचा नसतोच. आमच्याकडे एकदा साउंड सिस्टीमवरून नऊ महिने वाद चालला होता, नवीन घ्यायची का जुनी दुरुस्त करायची, कोटेशनवर कोटेशन, आणि एक वडील प्रत्येक कोटेशनमध्ये खोट काढायचे. शेवटी मी एक दिवस त्यांच्या घरी नुसताच जाऊन बसलो, कुठलाही कागद न घेता. तासाभराने कळलं की दोन वर्षांपूर्वी एका जुन्या सभासदाच्या अंत्यविधीला त्यांना प्रार्थना करायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते सभासद त्यांचे संडे स्कूलपासूनचे मित्र होते. ज्यांनी प्रार्थनेची नावं ठरवली तेच साउंड सिस्टीमचा प्रस्ताव आणणारे. त्यांच्या तर हे लक्षातही नव्हतं, घाईत राहून गेलं होतं. माणूस दोन वर्षं ते मनात घेऊन फिरत होता आणि आम्ही स्पीकरच्या वॉटवर चर्चा करत होतो!

म्हणून तुमच्या त्या दोन वडिलांचं सहा महिन्यांपूर्वी नेमकं काय झालं ते शोधा. दुसरी उपासना हे कारण असेलही, पण बहुतेक नसेल.

आता एकी या शब्दाबद्दल. पाळकसाहेब एकीवर वचन वाचतात तेव्हा ऐकणारे सातही जण मनात एकच अर्थ घेतात, की समोरच्याने आता माझं ऐकावं. आणि जो विरोध करतो त्याच्यावर एकी मोडणारा असा शिक्का बसतो, मग शांत स्वभावाची माणसं बोलायचीच बंद होतात आणि सगळ्यांना वाटतं वा, काय एकी आहे. ती एकी नाही, तो दबलेला कंटाळा आहे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 15वा अध्याय काढा. इ.स. 49च्या आसपासची यरुशलेमची बैठक, विषय असा की परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांची यहूदी नियमाप्रमाणे सुंता करायची का, म्हणजे दुसऱ्या उपासनेपेक्षा हजारपट मोठा, आणि तिथे लिहिलेलं आहे की पुष्कळ वादविवाद झाला. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते झाकलेलं नाही. विरोधी बाजूला, म्हणजे परूशी या कडक यहूदी पंथातून विश्वासात आलेल्यांना, उभं राहून बोलू दिलं, मग येशूचा शिष्य पेत्र बोलला, मग सगळी सभा गप्प राहून परराष्ट्रीयांत प्रचार करून आलेल्या बर्णबा आणि पौलाचं ऐकत होती, आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब सगळ्यात शेवटी बोलला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याचा शब्द सगळ्यात वजनदार त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं तर बाकीच्यांची मतं तिथेच मरतात. तुमच्याकडे पाळकसाहेब विषय मांडतानाच स्वतःचा कल सांगून टाकतात का, ते जरा बघा.

अजून एक गोष्ट त्या अध्यायात आहे जी लोक वाचतात पण सोडून देतात. निर्णय झाल्यावर त्यांनी नुसतं पत्र दिलं नाही, पौल-बर्णबासोबत यहूदा आणि सीला असे यरुशलेमचे दोन प्रमुख लोक पाठवले, की त्यांनी तोंडीही तेच सांगावं. म्हणजे जिथून हा प्रश्न आला त्या अंत्युखियाच्या लोकांना असं म्हणायला जागाच राहिली नाही की पौल त्याच्या सोयीचं सांगतोय. आपल्याकडे काय होतं, निर्णय मीटिंगमध्ये एक होतो आणि त्याच्या सात आवृत्त्या सात घरांत जातात. मी सेक्रेटरी असताना एक सवय लावली होती, मीटिंग संपायच्या आधी पाच मिनिटं काढून ठरवायचं की मंडळीला नेमकं कोणत्या शब्दांत सांगायचं आणि कोण सांगणार, आणि ते वाक्य मोठ्याने वाचून घ्यायचं. सुरुवातीला सगळे वैतागले, हे काय शाळेसारखं म्हणून. पण निम्म्या अफवा तिथेच बंद झाल्या.

आणि हो, त्याच 15व्या अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा मार्क नावाच्या सोबत्याला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वेगळे झाले, एक कुप्राला गेला एक सीलाला घेऊन सूरियाकडे. जगातला मोठ्यातला मोठा प्रश्न एकत्र सोडवला आणि एका तरुण माणसावरून फाटलं. नंतर तुरुंगातून तोच पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधली वर्षं कशी गेली, कोण कोणाशी आधी बोललं, हे कुठेच दिलेलं नाही, मला ते वाचायला फार आवडलं असतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी जेवढ्या मंडळ्या बघितल्या त्यांतल्या बहुतेक ठिकाणी एकी मीटिंगमध्ये मोडली नाही, ती मीटिंग संपल्यावर मोडली. आत दोन तास सगळे गप्प, आणि बाहेर गेटपाशी तीन-तीनच्या घोळक्यात खरी मीटिंग सुरू. तिथे जे बोललं जातं त्यातलं एकही वाक्य आत बोललेलं नसतं. आणि त्यातलं सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "त्यांना सांगू नका, पण..." हे वाक्य तुम्ही सेक्रेटरी म्हणून आठवड्यातून चार वेळा ऐकणार आहात हे लिहून ठेवा. दोन्ही बाजू तुमच्याकडे येणार, कारण तुम्ही नवीन आणि तुमची अजून कुठली बाजू नाही. मी पहिली दोन वर्षं हे सगळं ऐकून घेतलं, वाटायचं की आपल्यावर लोकांचा विश्वास आहे. विश्वास कसला, मला कचऱ्याची टोपली केली होती. मग मी एकच उत्तर ठरवून टाकलं, "हे तुम्ही त्यांना सांगितलंत का? नसेल तर मी तुमच्यासोबत येतो, आत्ता फोन लावू का?" दहातले सात जण म्हणतात राहू दे. दोघे येतात. एखादा रागावतो. पण सहा महिन्यांत लोकांना कळतं की या माणसापाशी दुसऱ्याबद्दल बोलून उपयोग नाही.

मत्तय 18 सगळ्यांना पाठ आहे, आधी एकांतात जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. प्रत्यक्षात आपण बरोबर उलट्या क्रमाने करतो, आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग एक-दोघं मध्यस्थी करतात, आणि एकांतात तर कोणी कोणाला भेटतच नाही. यावर मी लोकांना नेहमी यहोशवा 22 वाचायला सांगतो. इस्राएलाच्या वंशांपैकी रऊबेन, गाद आणि मनश्शेच्या अर्ध्या वंशाने यार्देन नदीपाशी एक मोठी वेदी बांधली, बाकीच्या इस्राएलाने ऐकलं आणि ते लढाईला जमलेसुद्धा, कारण त्यांना वाटलं हे देवापासून फिरले. पण हल्ला करण्याआधी त्यांनी फिनहास याजक आणि दहा सरदार पाठवले आणि तोंडावर विचारलं की हे काय केलंत. उत्तर आलं की अहो ही होमबलीसाठी नाहीच, उद्या तुमच्या मुलांनी आमच्या मुलांना म्हणू नये की नदीपलीकडच्यांचा देवाशी काय संबंध, म्हणून ही साक्षीसाठी बांधली. एका प्रश्नाने यादवी टळली. आणि गंमत बघा, फिनहास विचारायला गेला तेव्हा मवाळपणे गेला नव्हता, चांगला खडसावून बोलला. पण गेला, समोर बसून बोलला, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं.

व्हॉट्सॲपबद्दल एकच सांगतो. वडिलांच्या ग्रुपवर फक्त तारीख, वेळ, जागा आणि प्रार्थनेचे विषय. मतभेदाचा एक जरी मेसेज आला तर तुम्ही खाली लिहा "हे मीटिंगमध्ये घेऊ" आणि लगेच त्या माणसाला फोन करा. रात्री साडेदहानंतर टाइप केलेल्या मेसेजने जेवढं नुकसान मी बघितलंय तेवढं कुठल्या खोट्या शिकवणीनेही बघितलं नाही, अतिशयोक्ती वाटेल पण खरंच.

आता त्या दोन वडिलांचं. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन बायका आहेत, दोघी पौलाबरोबर सुवार्तेसाठी झटलेल्या, म्हणजे नवख्या नाहीत, पुढारीच. पौल काय करतो, विनंती हा शब्द दोघींना वेगवेगळा वापरतो, एकीला विनंती आणि दुसरीलाही विनंती, कोणाचं चुकलं याबद्दल चकार शब्द नाही, आणि मग एका तिसऱ्या सोबत्याला सांगतो की यांना मदत कर. म्हणजे दोघं सिनियर लोक आपापलं मिटवतील अशी नुसती आशा त्याने ठेवली नाही. तुमच्याकडेही तिसरा माणूस लागेल, आणि स्पष्ट सांगतो, तो तुम्ही नाही. तुमचं वय लहान आहे, उद्या त्यातल्या एकाला वाटेल की हा पोरगा आम्हाला शिकवतोय. असा कोणीतरी बघा ज्याला दोघंही मान देतात आणि ज्याला कमिटीत यायचं नाहीये. एखादे निवृत्त पाळक, किंवा पूर्वी वडील असलेल्या एखाद्या बाई. बायकांना अशा कामात विचारतच नाहीत आणि तिथेच आपण घोडं अडवतो.

तो तिसरा माणूस कसा बसेल तेही सांगतो, कारण लोक दोघांना थेट एका खोलीत आणतात आणि तिथेच बिघडतं. आधी प्रत्येकाशी वेगळं बसायचं, घाई न करता, दीड-दोन तास लागले तरी लागू दे. त्यात फक्त ऐकायचं आणि शेवटी दोन प्रश्न विचारायचे, समोरच्याच्या कोणत्या वागण्याने तुम्हाला लागलं, आणि त्यांना तुमच्याबद्दल काय वाटत असेल असं तुम्हाला वाटतं. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक माणसं बराच वेळ गप्प बसतात. मग एकत्र बसवायचं तेव्हा नियम एकच, पहिला जे बोलला ते दुसऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि पहिला "हो, असंच" म्हणेपर्यंत स्वतःचं सुरू करायचं नाही. नीतिसूत्रे 18:17 मध्ये म्हटलंय ना की वादात पहिला बोलणारा खरा वाटतो, जोवर दुसरा येऊन त्याची तपासणी करत नाही. हे दिसायला पोरकट आहे, मलाही पहिल्यांदा लाज वाटली होती साठीतल्या माणसांना असं करायला लावताना. पण एकदा एक वडील समोरच्याचं म्हणणं परत सांगता सांगता मध्येच थांबले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला वाटलं मी मुद्दाम केलं?" तिथून पुढे मला काही करावं लागलं नाही.

एक सूचना, अशा बैठकीत सुरुवातीची प्रार्थना मध्यस्थानेच करायची, छोटी. भांडणाऱ्यांपैकी कोणाला सांगू नका. प्रार्थनेत टोमणे मारण्याची कला आपल्या लोकांना फार चांगली अवगत आहे, "प्रभू, काहींची कठीण मनं मऊ कर" वगैरे, आणि त्यावर समोरच्याला उत्तरही देता येत नाही कारण डोळे मिटलेले!

आता माझी चूक सांगतो. सेक्रेटरी झाल्याच्या चौथ्या वर्षी एक मोठा निर्णय होता, मंडळीच्या जागेत बांधकाम करण्याचा. मला तो मनापासून पटलेला होता. मी मीटिंगच्या आधी एकेकाला भेटून मतं पक्की करून घेतली, पाच माझ्याकडे, दोन विरोधात, आणि मग विषय घेतला ऐनवेळचे विषय म्हणून, अगदी शेवटी, सगळे दमलेले असताना. 5-2 ने पास. मला वाटलं काय मस्त काम केलं. त्या दोघांपैकी एकाने महिन्याभरात राजीनामा दिला, दुसरे मंडळीत यायचेच हळूहळू बंद झाले, आणि त्यांच्यासोबत त्यांची आख्खी घरं. बांधकाम झालं, अजून उभं आहे, आणि मी दर रविवारी तिथून जातो तेव्हा मला त्या दोन कुटुंबांच्या रिकाम्या बाकांची आठवण येते. ते विरोधात होते म्हणून गेले नाहीत. मीटिंगमध्ये त्यांनी मांडलेल्या गोष्टी आधीच निकाली निघालेल्या होत्या हे त्यांना कळलं म्हणून गेले.

तेव्हापासून आमच्याकडे तीन सवयी आल्या. अजेंडा निदान पाच दिवस आधी हातात, पैसे आणि जागा हे विषय ऐनवेळी कधीच घ्यायचे नाहीत. मोठा विषय पहिल्या मीटिंगला फक्त चर्चेला, निर्णय पुढच्या मीटिंगला. आणि ज्याचा विरोध आहे त्याचं म्हणणं मिनिट्समध्ये त्याला विचारून, त्याच्या शब्दांत लिहायचं. विरोध नीट लिहून घेतला की माणूस निर्णयाबरोबर चालायला तयार होतो हे मी अनेकदा बघितलंय, आणि उलट त्याचं नावही न लिहिता "सर्वानुमते" असं ठोकून दिलं की तो कायमचा दुखावतो. सर्वानुमते हा शब्द जपून वापरा.

तुमच्या दुसऱ्या उपासनेसाठी 4-3 ने अजिबात पास करू नका, जरी नियमात बसत असलं तरी. चार जणांना म्हणावं सहा महिन्यांसाठी करून बघू, तीन जणांना विचारावं की सहा महिन्यांनी कोणत्या गोष्टी दिसल्या तर तुम्ही म्हणाल चालू ठेवा आणि कोणत्या दिसल्या तर म्हणाल बंद करा. ते निकष त्या तिघांनीच लिहायचे. आढाव्याची तारीख त्याच दिवशी ठरवायची. कृत्ये 6 मध्ये असंच काहीसं झालं बघा, ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना वगळतात, आणि जे सात निवडले त्यांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, निकलाव, सातही नावं ग्रीक. जिकडून तक्रार आली त्यांच्याच हातात वाटणी दिली असं दिसतं. आपण काय करतो, तक्रार करणाऱ्याला कमिटीतून काढतो.

पैशाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये पण विचारून घ्या, कारण तो विषय असतो आणि कोणी बोलत नाही. अर्पण मोजायला कायम दोघं, एकाच घरातले नकोत, आणि दर तीन महिन्यांनी हिशोब सगळ्या वडिलांसमोर. खजिनदार प्रामाणिक असला तरी. पौलाने यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठीच्या वर्गणीबाबत हेच केलं, 2 करिंथ 8 मध्ये तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ पाठवतो आणि कारण सांगतो की एवढ्या रकमेबाबत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये. पौलाला गरज वाटली तर आपण कोण.

शिकवणीचे मतभेद तुमच्याकडे नाहीत असं दिसतं म्हणून थोडक्यात. रोम 14 मधल्या खाण्याच्या आणि दिवस पाळण्याच्या गोष्टींसारखे मुद्दे असतील तर दोन्ही मतं एका मंडळीत नांदू शकतात. काही मुद्दे खरंच अडतात, 1529 मध्ये जर्मनीत मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी बसले, 15 कलमांपैकी 14 वर एकमत झालं आणि प्रभूभोजनात (भाकर-द्राक्षारसाच्या विधीत) ख्रिस्ताचं शरीर कसं हजर असतं यावर गाडी अडली ती अडलीच. उलट वेस्ली आणि व्हाइटफील्ड हे 18व्या शतकातले दोन इंग्रज प्रचारक, देवाच्या निवडीच्या शिकवणीवरून (तारण कोणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलंय का) त्यांचं उघड वाजलं, वेगळे झाले, मतं शेवटपर्यंत बदलली नाहीत, तरी 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांच्यावरचा स्मृतीचा उपदेश वेस्लींनी दिला.

आणि एक गोष्ट जी एकीच्या नावाखाली कधीही दाबू नका. मंडळीच्या पैशाची अफरातफर, कोणा बाईशी किंवा लेकराशी गैरवर्तन, असं काही कानावर आलं आणि कोणी म्हणालं की मंडळीची एकी टिकावी म्हणून आपल्यातच मिटवू, तर तिथे एकीचा प्रश्नच नाही. 1 तीमथ्य 5 मध्ये वडिलावरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नको असं आहे, पण पुढच्याच वचनात पाप करणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष दाखव असंही आहे, लोक पहिलं वचन सांगतात आणि दुसरं गिळतात. आणि लेकराशी गैरवर्तनाची गोष्ट असेल तर साक्षीदार मोजत बसायचं नाही, सरळ पोलिसांकडे जायचं.

पाळकसाहेबांबद्दल, हे तुम्ही त्यांना एकट्याने भेटून सांगा, माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल. एकीवर वचन वाचणं काही महिने थांबवा. आणि उपदेशातून त्या दोघांना उद्देशून काही बोलत असतील तर तेही, कारण व्यासपीठावरून बोललेल्याला उत्तर देता येत नाही. पौलाला पेत्राचं पटलं नाही तेव्हा तो अंत्युखियात त्याच्या तोंडावर बोलला. इफिसकरांस पत्रात ऐक्य "राखायला" झटा असं म्हटलंय, म्हणजे ते आधीच दिलेलं आहे, आपल्याला फक्त मोडायचं नाहीये. पाळकांचं काम या दोघांच्या घरी जाण्याचं आहे, आणि ते जात नसतील तर बहुधा त्यांनाही कोणीतरी दुखावलंय, तेही विचारा.

तर सध्या पुढची मीटिंग दोन आठवडे पुढे ढकला, कारण काहीही द्या. त्या दोन्ही वडिलांकडे स्वतः जाऊन या, आधी वयाने मोठे असतील त्यांच्याकडे. उपासनेचा विषय काढू नका, त्यांनी काढला तर ऐका. मंडळी सुरुवातीला कशी होती, ते वडील कसे झाले, एवढंच विचारा. दुसऱ्यांचं नाव त्यांच्या तोंडून कधी आणि कसं येतं त्याकडे लक्ष ठेवा, आणि घरी येऊन ते कुठेही लिहून ठेवू नका. मग मला कळवा, तिसरा माणूस कोण घ्यायचा ते आपण त्यावरून ठरवू.